एकाच वाक्यात दोनदा

लिंदाल्वा आली तेव्हा एका हातात
सुंभात ओवलेले दहा खेकडे होते, जिवंत,
दुसऱ्या हातात पत्र.
"खेकडे मोजून घ्या," म्हणाली,
"पत्राचे किती होतात मला ठाऊक नाही."

मी शपथेवर भाषांतर करते.
जन्मदाखले, घटस्फोट, काबेदेलोच्या धक्क्यावर
उतरणाऱ्या गव्हाची कागदपत्रं.
पानामागे दर ठरलेला, शिक्का माझ्याजवळ,
आणि नियम एकच:
कागदावर नाही ते घालायचं नाही,
आहे ते गाळायचं नाही.

पत्र चार ओळींचं. कुठल्याशा थंड बंदरातल्या
जहाज कंपनीचं, इंग्रजीत.
मी चष्मा शोधेपर्यंत तिचं बोट
कागदावरून फिरत राहिलं. खारफुटीच्या चिखलानं
कायमचं काळं झालेलं नख एका शब्दाशी थांबलं.
"एवढा एक येतो मला वाचता.
लाती."

लाती. म्हणजे भुंकतो.
इंग्रजीतला लेट, तीच चार अक्षरं,
आमच्या पोर्तुगीजमध्ये कुत्र्याच्या तोंडी असतात.
"पिलोतोची चौकशी केलीय ना त्यानं?
दोनदा लिहिलंय बघा. इथं, आणि पुन्हा इथं.
कळवा त्याला, भुंकतो अजून.
रात्री भोंगा झाला की पार धक्क्यापर्यंत धावतो."

मी वाचलं.
एक लेट पगाराच्या अंगाला होता,
एक मुलाच्या.
पगार पाठवायला लेट झाला म्हणून
कंपनी दिलगीर होती.
इंग्रजीला जमतं हे. एकाच खुंटीवर दोन कोट टांगते,
एक पावसानं भिजलेला,
एक ज्याचा मालक परत यायचा नाही तो.

पगारासाठीचा शब्द आपणहून आला: आत्राझादो.
मुलासाठीचे पुढे यायला तयार होईनात.
फालेसीदो, इस्पितळाच्या खिडकीतून सरकवतात तो.
फिनादो, नोव्हेंबरात कबरीवर
मेणबत्त्या घेऊन जातो तो.
साउदोझो, ज्याची सय येते असा.
हा सुंदर आहे, पण शपथेवर खोटा.
कंपनीला जेनिवालची सय येत नव्हती.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं,
दोन्हीकडे पहिलाच शब्द लिहावा.
आत्राझादो पगार, आत्राझादो मुलगा.
उशीर झालाय, वाटेत असेल.
कुठल्याही शब्दकोशानं मला पाठीशी घातलं असतं.
पण आमच्याकडे तसं म्हणतात ते मंद पोराला,
आणि जेनिवाल म्हणे आठव्या वर्षी
चंद्र बघून भरतीची वेळ सांगायचा.

"भुंकतो असं नाही ते, लिंदाल्वा."
"मग?"
"हा इथला पैशांबद्दल आहे. पैसे उशिरा येतायत."
"ते येतातच उशिरा. आणि हा?"

कागदावर मी फालेसीदो टंकलं.
तोंडानं म्हटलं, गेला.
गेला म्हणायला शपथ लागत नाही.
"कुठं?" असं तिनं विचारलं नाही.
"कधी?" विचारलं.
पत्रात तारीख होती ती पत्राचीच.

मोरीत खेकडे सुंभासकट
भिंत चढू पाहत होते, घसरत होते.
मी शिक्का शाईवर दाबला
तशी तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही.
चिखलातल्या बिळात हात घालताना धरत असेल तसं,
आत काय आहे त्याचा अंदाज घेत.
"आज नको मारू. मंगळवारी येते."

कागद माझ्या खणात आहे, बिनशिक्क्याचा.
खेकडे मी त्या रात्री शेजारणीला दिले,
मला दोरी सोडवता येईना.

तीन मंगळवार झाले.
तिला उशीर होतोय, एवढंच.
हा शब्द सध्या मी
जपून, एकाच अर्थानं वापरते.